पर्यटकांच्या आकड्यांत शांतता मोजू नका

काश्मीरबद्दलचं एक वाक्य गेली काही वर्षं आपण इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला पुरावा लागतो याचाच विसर पडला आहे. पर्यटक वाढले, म्हणजे शांतता आली. सरकारी पत्रकांत ते असतं, सहल कंपन्यांच्या जाहिरातींत असतं आणि मावसभावाने शिकाऱ्यात बसून काढलेल्या फोटोखालीही असतं. २ एप्रिल २०१७ रोजी चेनानी-नाशरी बोगद्याचं उद्घाटन करताना पंतप्रधानांनी काश्मिरी तरुणांपुढे पर्यटन आणि दहशतवाद असे दोन रस्ते ठेवले होते, त्यामागेही हेच गृहीतक होतं. संयुक्त राष्ट्रांनी तर १९६७ सालीच आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष साजरं करून पर्यटनाचं नातं शांततेशी जोडलं. २०२४ च्या जागतिक पर्यटन दिनाचा विषय ‘पर्यटन आणि शांतता’ हाच होता. अलीकडे या सिद्धान्ताला ‘शाश्वत’ हे विशेषण लागलं आहे. पर्यटन पर्यावरणाला जपणारं असलं, स्थानिकांना रोजगार देणारं असलं, की त्यातून शांत समाज घडतो, असं आता सांगितलं जातं.

या सिद्धान्ताचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा अर्धा अपुरा. गर्दीने शांतता येत नाही, आणि चांगल्या व्यवसायाने ती येते असं म्हणायचं तर आधी त्या व्यवसायाचा आवाका कुठवर आहे ते नीट मांडावं लागेल. ते न मांडता नुसती आशा विकली, की तिचा हिशेब भलत्यालाच चुकवावा लागतो.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी धर्म विचारून माणसं मारली. २६ जण गेले. त्यांतले २५ पर्यटक, एक स्थानिक घोडेवाला. सहा जण महाराष्ट्रातले होते. डोंबिवली, पुणे आणि पनवेलमधल्या घरांत ते परतले नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडे दोन सूर उमटले. एक म्हणत होता, आपण जायचं थांबलो तर मारेकरी जिंकले, म्हणून आता मुद्दाम जाऊ, मोठ्या संख्येने जाऊ. दुसरा म्हणत होता, तिकडे एक रुपयाही न्यायचा नाही. आपल्याच पैशावर हे पोसले जातात.

हे दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, पण उभे होते एकाच जमिनीवर. दोघांच्याही लेखी पर्यटकाचा पैसा म्हणजे काश्मिरी माणसाच्या वर्तणुकीची किंमत. नीट वागला तर द्यायची, नाही वागला तर काढून घ्यायची. एका अख्ख्या समाजाला सहलीच्या बुकिंगवर ठेवलेला नोकर मानणारी ही कल्पना शांततेची असूच शकत नाही, मग ती प्रेमाने मांडलेली असो की रागाने.

इतिहास आधी पाहू. १९८८ साली काश्मीर खोऱ्यात सात लाखांहून अधिक पर्यटक आले. त्या काळच्या रस्त्यांच्या, विमानांच्या आणि मध्यमवर्गाच्या खिशाच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. हाउसबोटी भरलेल्या होत्या, हिंदी सिनेमांची युनिटं गुलमर्गला येत-जात होती. पर्यटनाने शांतता येत असती तर पुढचं दशक खोऱ्याच्या इतिहासातलं सर्वांत शांत दशक ठरायला हवं होतं. प्रत्यक्षात १९८९ संपता संपता बंदुका बाहेर आल्या, १९९० मध्ये काश्मिरी पंडितांना घरंदारं सोडून निघावं लागलं आणि पर्यटकांची संख्या काही हजारांवर कोसळली. १९९५ साली पहलगामच्याच डोंगरांतून परदेशी गिर्यारोहकांचं अपहरण झालं. त्यांतल्या एकाचा शिरच्छेद झाला, एक निसटला आणि चौघांचा आजवर ठावठिकाणा लागलेला नाही.

१९८८ चा आकडा खोटा नव्हता, पण त्याला बघता येत नव्हतं. आदल्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मोठे गैरप्रकार झाल्याचा आरोप होता, त्यातून तरुणांमध्ये साचलेला संताप पर्यटन खात्याच्या कुठल्या रकान्यात नोंदवला जाणार? सीमेपलीकडे चाललेली शस्त्रांची आणि प्रशिक्षणाची तयारी हॉटेलच्या रजिस्टरात कशी उतरणार? पर्यटकांच्या मोजदादीतून एवढंच कळतं की बाहेरच्या माणसाला आज तिथे जाणं सुरक्षित वाटतं. आतला माणूस काय सोसतो आहे, कशाची वाट पाहतो आहे, हे त्यात येत नाही.

ही काही एकट्या काश्मीरची गोष्ट नाही. रवांडात गोरिला पाहायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा ओघ सत्तर-ऐंशीच्या दशकांतच सुरू झाला होता, तरी १९९४ चा नरसंहार टळला नाही. कोरियाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. उत्तर कोरियातल्या कुमगांग पर्वतावर १९९८ पासून दक्षिणेतल्या ‘ह्युंदाई’ समूहाने सहली नेल्या. दहा वर्षांत वीस लाखांच्या आसपास दक्षिण कोरियन लोक तिथे जाऊन आले. दोन शत्रुराष्ट्रांतल्या सलोख्याचा हा नमुना म्हणून गाजला. पण पर्यटक कुंपणाच्या आत, स्थानिक लोक कुंपणाबाहेर, आणि पैसा सरळ राजवटीच्या खिशात अशी त्याची रचना होती. जुलै २००८ मध्ये एक दक्षिण कोरियन पर्यटक बाई निषिद्ध हद्दीत गेल्यामुळे सैनिकाच्या गोळीला बळी पडली आणि सहली बंद झाल्या त्या झाल्याच. वीस लाख भेटींमधून असं एकही नातं उभं राहिलं नव्हतं, जे एका गोळीनंतर तग धरेल.

उलट बाजूने पाहिलं तर कार्यकारणभाव स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत आणि पाकिस्तानच्या लष्करांनी नियंत्रण रेषेवरची शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा मान्य केलं. तोफा थांबल्या, म्हणून केरन, गुरेझ, तंगधार या नावांचा पर्यटनाच्या नकाशावर प्रवेश झाला. किशनगंगेच्या काठी, पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं अशा ठिकाणी, लोकांनी स्वतःच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांसाठी सजवल्या. शाश्वत पर्यटनाची पुस्तकं ज्याचं वर्णन करतात ते सगळं त्यात होतं. घर त्यांचं, जेवण त्यांचं, कमाई त्यांची. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा याच सीमापट्ट्यात तोफगोळे पडले, घरं उद्ध्वस्त झाली, पूंछमध्ये माणसं मेली. केरनच्या एखाद्या गृहिणीने कितीही मायेने पाहुण्यांना कहवा पाजला असता, तरी तो तोफगोळा अडणार नव्हता. तिचा व्यवसाय शांततेवर उगवला होता, तिच्याकडून शांतता उगवण्याची अपेक्षा करणं हा तिच्यावरच अन्याय आहे.

आता आकड्यांकडे येऊ. २०२४ साली जम्मू-काश्मीरमध्ये सुमारे २ कोटी ३६ लाख पर्यटक आले, असं अभिमानाने सांगितलं गेलं. त्यांतले ९५ लाखांच्या आसपास लोक वैष्णोदेवीचे यात्रेकरू होते. कटऱ्याहून चढून दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकाचा श्रीनगरच्या परिस्थितीशी काय संबंध? खोऱ्यात आलेल्यांची संख्या ३५ लाखांच्या घरात होती आणि तीतही अमरनाथचे पाच लाखांवर यात्रेकरू धरलेले. ही संख्या लहान नाही. पण देवीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाचंही डोकं मोजून ‘काश्मीर सामान्य झालं’ म्हणणं हा युक्तिवाद नव्हे, ही जाहिरात झाली. आणि त्याच वर्षी, २० ऑक्टोबरला, सोनमर्गच्या वाटेवर गगनगीर इथे बोगद्याच्या कामावरच्या सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पर्यटनाच्या विक्रमी वर्षात, पर्यटनासाठीही बांधल्या जाणाऱ्या रस्त्यावर.

या जाहिरातीचा खरा धोका याहून मोठा आहे. एखाद्या सरकारने पर्यटकाला आपल्या यशाचा पुरावा म्हणून जगापुढे उभं केलं, की ते यश ज्याला मोडायचं आहे त्याची नजर त्या पुराव्यावर जाते. हत्येची जबाबदारी हत्या करणाऱ्याची, तिच्यात कुणाचा वाटा नाही. पण माणसाला पुरावा बनवणाऱ्यांवर त्याच्या संरक्षणाची दुप्पट जबाबदारी येते, हेही तितकंच खरं. बैसरनमध्ये त्या दिवशी सुरक्षा दल का नव्हतं, हा प्रश्न सर्वपक्षीय बैठकीतही विचारला गेला. आकड्यांची घाई झालेल्या व्यवस्थेला असले प्रश्न आधी सुचत नाहीत.

‘पण लोक भेटतात, गैरसमज गळून पडतात,’ हा पुढचा युक्तिवाद. तो मला इतर सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो, म्हणून त्याचीच कसून तपासणी करायला हवी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात परस्परसंपर्काने पूर्वग्रह कमी होतात असं मांडलं, हे सगळे सांगतात. त्यांनी घातलेल्या अटी मात्र कुणी सांगत नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांचं सहकार्य लागावं आणि संस्था-कायद्यांचं पाठबळ असावं.

आपल्या सात दिवसांच्या पॅकेज टूरला या अटी लावून पाहा. ग्रूप मराठी, टूर मॅनेजर मराठी, संध्याकाळच्या जेवणात पिठलं-भाकरी मिळेल याची हमी आधीच दिलेली. काश्मिरी माणूस भेटतो तो ड्रायव्हर म्हणून, वेटर म्हणून, शालीचा भाव चढवून सांगणारा आणि आपण तो पाडल्याचा आनंद देणारा दुकानदार म्हणून, किंवा घोड्याचा लगाम धरून चिखलातून पायी चालणारा मरकबान म्हणून. आपण वर, तो खाली. त्याला आपली खुशामत करावी लागते, कारण पाच महिन्यांच्या हंगामात वर्षाची कमाई करायची असते. आपण त्याला राजकारणावर प्रश्न विचारतो आणि तो आपल्याला हवं ते उत्तर देतो. परत येऊन आपण सांगतो, ‘लोक फार चांगले आहेत हो, त्यांना फक्त रोजगार हवाय.’ याला संवाद म्हणता येत नाही. ग्राहकाला नाराज न करण्याचं कसब प्रत्येक दुकानदाराकडे असतं, लक्ष्मी रोडवरच्या नसेल कदाचित, पण बाकी सगळ्यांकडे असतं.

मग उत्तर म्हणून स्थानिक मालकी पुढे केली जाते. बाहेरच्या साखळी हॉटेलांऐवजी गावकऱ्यांच्या हाती व्यवसाय द्या, नफा गावात राहू द्या, की माणसं शांततेची राखणदार होतात. हे ऐकायला बिनतोड आहे, पण काश्मीर हाच त्याला सर्वांत अवघड अपवाद आहे. इथल्या हाउसबोटी, शिकारे, घोडे, टॅक्सी, बहुतेक हॉटेलं पूर्वीपासून स्थानिकांचीच. गोवा किंवा मालदीवच्या तुलनेत काश्मीरचं पर्यटन कितीतरी अधिक ‘त्यांचं’ आहे. १९८८ मध्येही होतं. तरीही बंदुका आल्या. शाश्वत पर्यटनाच्या पुरस्कर्त्यांनी या आक्षेपाला बगल देऊ नये.

माझं उत्तर असं, की मालकी आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाउसबोट माझी, पण ती ज्या दल सरोवरात तरंगते त्यात सांडपाणी किती जाईल हे मी ठरवत नाही. हॉटेल मी चालवतो, पण जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. डिसेंबर २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये भाडेपट्ट्यांचे नवे नियम आले. मुदत संपलेले व्यावसायिक पट्टे न वाढवता त्या जागा लिलावात काढायची तरतूद त्यांत होती. गुलमर्गच्या हॉटेलवाल्यांची झोप उडाली. सरकारची बाजूही पोकळ नव्हती. मूठभर घराण्यांनी कवडीमोल भाड्यात मोक्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या अडवून ठेवल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पण हा निर्णय झाला तेव्हा तिथे निवडून आलेली विधानसभाच नव्हती. नियम बरा की वाईट यापेक्षा, तो कुणाला विचारून केला, याचं उत्तर लोक शोधत होते.

पहलगामनंतरही तेच झालं. एका फटक्यात ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. सुरक्षेसाठी बंद करणं समजू शकतं, पण कुठलं स्थळ कधी उघडणार, तोवर घोडेवाल्यांच्या, खानावळवाल्यांच्या घरात चूल कशी पेटणार, याची चर्चा ज्यांच्याशी करायची त्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. निर्णयात जागा नसलेला मालक हा खरं तर आपल्याच धंद्यातला मजूर असतो. त्याच्याकडून शांततेची राखण मागणारे त्याला पगार द्यायला विसरले आहेत, आणि तो पगार पैशाचा नाही.

लडाख याचा दुसरा पुरावा. तिथे ‘स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी’ने रुंबकसारख्या गावांत घरगुती निवासाची योजना उभी केली. हिमबिबट्या गोठ्यात शिरून एका रात्रीत मेंढ्यांचा फडशा पाडायचा, गावकरी त्याच्यावर चिडून असायचे. या योजनेत पाहुणे पाळीपाळीने घरोघरी दिले जातात, त्यामुळे रस्त्यालगतचं एकच घर श्रीमंत होत नाही. कमाई मुख्यतः बायकांच्या हाती येते आणि तिच्यातला दहा टक्के वाटा गावाच्या संवर्धन निधीत जातो. बिबट्या आता पाहुणे आणतो, म्हणून त्याच्यावरचा राग निवळला. पाळी, वाटा आणि गावाचा निधी या तीन साध्या नियमांनी एक जुनं भांडण मिटवलं. याच्याइतकं नेटकं शाश्वत पर्यटन देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आणि तरीही २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये राज्याच्या दर्जासाठी आणि सहाव्या अनुसूचीसाठी चाललेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं, गोळीबारात चौघे मारले गेले. मेंढपाळ आणि बिबट्या यांच्यातलं भांडण व्यवसायाच्या आवाक्यातलं होतं. लडाखी माणूस आणि दिल्ली यांच्यातला प्रश्न त्या आवाक्याबाहेरचा होता. तो विधिमंडळात आणि वाटाघाटींच्या टेबलावरच सुटतो.

इथे कुणी म्हणेल, मग पर्यटन व्यवसायाचा शांततेशी काहीच संबंध नाही असं सरळ म्हणा की. तसं मी म्हणणार नाही, कारण २२ एप्रिलचाच दिवस त्याच्या विरोधात साक्ष देतो. गोळ्या चालू असताना एक घोडेवाला मारेकऱ्यांना आडवा गेला आणि मारला गेला. इतरांनी जखमींना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. त्या रात्री टॅक्सीवाल्यांनी भाडं न घेता लोकांना पोहोचवलं, कित्येकांनी घरांचे दरवाजे उघडले. दुसऱ्या दिवशी खोरं कडकडीत बंद होतं. काश्मीरने अनेक बंद पाहिले, पण दहशतवाद्यांच्या कृत्याविरुद्ध असा बंद कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं काळी छापली.

‘पोटावर पाय आला म्हणून केलं सगळं,’ असं यावर आपल्याकडे म्हटलं गेलं. समजा, ते खरं मानलं, तरी त्यात हिणवण्यासारखं काय आहे? परक्याच्या जिवाची किंमत आपल्या पोटाशी जोडलेली असणं, ही समाजाला एकत्र धरणारी एक जुनी आणि भक्कम दोरी आहे. मुंबईच्या बाजारपेठांत वेगवेगळ्या धर्मांचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसतात ते तरी कशाच्या बळावर? पण त्या दिवशीचं सगळं या दोरीने समजावता येत नाही. बंदुकीच्या नळीपुढे उभा राहणारा माणूस हंगामाच्या जमाखर्चाचा विचार करत नसतो. आपल्या सोबत आलेल्या पाहुण्याला हात लावू द्यायचा नाही, हे त्याच्या धंद्याचं ब्रीद होतं. ते ब्रीद पॅकेज टूरने शिकवलेलं नव्हतं, उलट पॅकेज टूरने त्याला दिवसाला मिळतील तेवढ्या फेऱ्या मारायला लावूनही ते टिकलं होतं.

बहिष्कारवाल्यांना माझं उत्तर याच घटनेतून निघतं. हल्ला करणाऱ्यांना आसरा दिल्याच्या आरोपावरून दोन स्थानिकांना अटक झाली, हे खरं आहे, आणि न्यायालय त्यांचं काय ते बघेल. हल्लेखोर मात्र पाकिस्तानी होते आणि २८ जुलै २०२५ रोजी श्रीनगरजवळच्या डोंगरात सुरक्षा दलांनी त्यांना टिपलं. हाउसबोट रिकामी राहिल्याने सीमेपलीकडच्या कुठल्या छावणीचा खर्च थांबतो? थांबते ती शिकारा वल्हवणाऱ्याच्या मुलीची फी. भीती वाटते म्हणून न जाणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, लहान मुलं घेऊन जाणाऱ्या आईबापांना कुणी शौर्याचे धडे देऊ नयेत. पण शिक्षा म्हणून न जाणं वेगळं. शिक्षेसाठी गुन्हेगार लागतो, आणि जो जखमींना खांद्यावरून उतरवत होता तो गुन्हेगार नव्हता. बैसरनमध्ये पती गमावलेल्या एका तरुण स्त्रीने, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, असं सांगितलं. तिच्यावर समाजमाध्यमांत ज्यांनी गरळ ओकली त्यांचा शोकाशी काही संबंध होता असं मानायला मी तयार नाही.

‘मोठ्या संख्येने जाऊ’ म्हणणाऱ्यांनाही तेवढंच स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही गेलात म्हणून दहशतवाद हरत नाही. तुम्ही कसे जाता, कुणाला किती देता आणि परतल्यावर काय करता, यातून फार तर दोन समाजांतलं एक छोटं भांडण कमी होतं. तेवढंच होतं, पण ते खरोखर होतं.

आणि ते करण्यासाठी जाणीवजागृती शिबिरांची नव्हे, करारांची भाषा लागते. महाराष्ट्रातून काश्मीरला लोक नेणारा व्यवसाय मोठा आहे, त्याच्याकडे सौदा करायची ताकद आहे. त्याने पहिलं काम करावं ते जोखमीच्या वाटणीचं. सहल रद्द झाली, की तोट्याचा मोठा भाग साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलण्याची रीत आहे. घोडेवाल्याशी, शिकारावाल्याशी तर लेखी करारच नसतो. हंगामाआधी ठरलेली किमान रक्कम, रद्द झाल्यास तिचा ठरावीक भाग आणि अपघाताचा विमा, एवढं करारात आलं तर ‘स्थानिकांना सामावून घेणं’ या शब्दांना काही अर्थ येईल. दुसरं, रुंबकसारखी पाळी. एकाच दुकानातून, एकाच हॉटेलमधून कमिशन घेणाऱ्या ड्रायव्हर-मॅनेजरच्या साखळीने गावात जेवढी भांडणं लावली असतील तेवढी राजकारणानेही लावली नसतील. तिसरं, संख्येवरची मर्यादा. लिद्दर नदीकाठी किती हॉटेलं, बैसरनला दिवसाला किती घोडे, हे पहलगामच्या माणसांनी ठरवावं आणि कंपन्यांनी तो आकडा पाळावा, धंदा कमी झाला तरी.

एवढं करूनही काही प्रश्न शिल्लक राहतातच, आणि त्यांतला एक मोठा प्रश्न पंडितांचा. खीरभवानीच्या जत्रेला दरवर्षी ज्येष्ठ अष्टमीला विस्थापित पंडित तुळमुळ्याला येतात. स्थानिक मुसलमान त्यांचं स्वागत करतात, जुने शेजारी गळ्यात पडून रडतात. पहलगामनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २०२५ च्या जूनमध्येही ही जत्रा भरली. पण जत्रा संपली की बहुतेक जण आपल्याच खोऱ्यातून पुन्हा जम्मूच्या बसमध्ये बसतात. आपल्या आजोबांच्या गल्लीत जायला ज्याला हॉटेलात खोली घ्यावी लागते, त्याचीही नोंद पर्यटक म्हणूनच होत असणार. हा माणूस मोजला जातो तेव्हा शांततेचा आकडा एकाने वाढतो की कमी होतो, याचं उत्तर गर्दीचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी द्यावं.

दुसरा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. पर्यटन एकाच दिशेने वाहतं. मराठी माणूस काश्मीरला जातो, त्याचं तिथे सरबराईने स्वागत होतं. काश्मिरी माणूस महाराष्ट्रात येतो तो विद्यार्थी म्हणून, शालविक्रेता म्हणून, कामगार म्हणून. पहलगामनंतर देशाच्या अनेक शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, शालविक्रेत्यांना मारहाण झाली. हिवाळ्यात ज्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून राहिलो, त्यांच्याच मुलांना आपल्या देशातल्या शहरांत वसतिगृहाच्या खोलीत कोंडून बसावं लागलं. पुण्यात या दिशेने काम करणाऱ्या संस्था आहेत. ‘सरहद’ने काश्मिरी मुलांना इथे शिकवलं आणि बांदीपोऱ्यातल्या आरागाममध्ये भिलारच्या धर्तीवर पुस्तकांचं गाव उभं करायला हातभार लावला. ‘बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन’ने कुपवाड्यात हिंसाचारात आईबाप गमावलेल्या मुलींसाठी घरं चालवली. कुमगांगच्या कुंपणातल्या वीस लाख भेटींना जे जमलं नाही ते यांच्या थोड्या माणसांना जमलं, कारण ही माणसं सातव्या दिवशी परतीच्या विमानात बसली नाहीत.

मग काश्मीरवर नफा कमावणाऱ्या व्यवसायाने यात का नसावं? महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बडगाम जिल्ह्यात महाराष्ट्र भवनासाठी अडीच एकर जमीन घेतली. तिथे आपल्या पर्यटकांची सोय होईल, ते योग्यच आहे. पण त्याच धर्तीवर पुण्या-मुंबईत काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह व्हावं आणि त्याचा खर्च काश्मीरच्या सहली विकणाऱ्यांनी उचलावा, अशी मागणी एकाही पर्यटन परिषदेत ऐकू येत नाही. पुढच्या वेळी तणाव पेटेल तेव्हा, आणि तो पेटणार नाही अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, या कंपन्यांनी आपल्याच ग्राहकांना उद्देशून जाहीरपणे सांगावं की ज्यांनी तुम्हाला सांभाळलं त्यांच्या मुलांना इथे सांभाळा. त्याने काही बुकिंग जातील. शांततेशी आपलं नातं सांगणाऱ्या व्यवसायाने एवढी किंमत मोजायची तयारी ठेवावी, नाही तर जाहिरातीतून तो शब्द काढून टाकावा.

म्हणून पर्यटन खात्याने यापुढे कितीही कोटींचे आकडे जाहीर केले तरी माझी मोजपट्टी वेगळी राहील. कुपवाड्याच्या मुलाला पुण्यात, नाव आणि गाव खरं सांगून, भाड्याने खोली मिळते का? पंडिताला आपल्या गावात पाहुणा म्हणून नव्हे, रहिवासी म्हणून दार उघडता येतं का? गुलमर्गच्या जमिनीचा निर्णय गुलमर्गच्या माणसाला विचारून होतो का? या तिन्हींची उत्तरं ‘हो’ येतील तेव्हा पर्यटक आपसूक येतील आणि त्यांना कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागणार नाही. तोवर चांगल्या पर्यटन व्यवसायाने आपल्या आवाक्यातलं काम करावं, आणि सरकारने आपलं काम त्याच्या खांद्यावर टाकू नये.